दुसऱ्या बाजूचा खुलासा

“तुमचा टेपरेकॉर्डर जुना आहे का, मॅडम?”

समोरच्या बाईंचा हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, नाव नाही. आमच्या दैनिकाच्या नागपूर कचेरीत खाली पाहुण्यांसाठी एक लाकडी बाक होता. त्यावर त्या सकाळी दहापासून बसून होत्या, आणि मी पोचले साडेअकराला. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, मांडीवर आदल्या दिवशीचा पेपर. घडी अशी घातलेली की रविवारच्या पुरवणीतलं माझं परीक्षणच वर यावं. 

“का बरं?” मी विचारलं.

“आतला पट्टा सैल झाला की आवाज हलतो. कॅसेट चांगली असली तरी वाईट वाजते. आमच्या शाळेतल्या मशीनचं तसंच झालं होतं.” मग त्यांना एकदम आठवल्यासारखं झालं. “मी शकुंतला खोब्रागडे. लीलाधर खोब्रागडेंची मिसेस.”

ही १९९३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पुरवणीत संगीतावर लिहायचे आणि त्या स्तंभाखाली छापलेलं ‘चारुलता घटाटे’ हे नाव दर रविवारी दोनदा वाचायचे.

लीलाधर खोब्रागडे नागपुरात सगळ्यांना माहीत होते, पण चेहऱ्यानं नाही. लग्नाच्या, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस. दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. लहानपणी मोतीबागच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांकडे ते गिटार शिकले, आणि त्या साहेबांकडे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या संगीताच्या, ब्लूजच्या, तबकड्या होत्या. पुढची तीस वर्षं खोब्रागडे लोकांसाठी सिनेमाची गाणी वाजवत राहिले आणि स्वतःसाठी ब्लूज. त्या वर्षी मुंबईच्या एका छोट्या कंपनीनं त्यांची कॅसेट काढली. ‘मोतीबाग’ नाव. शब्द नाहीत, नुसती गिटार, मागे बास गिटार आणि ड्रम. दोन्ही बाजू मिळून आठ रचना. मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकानं अख्खं पान भरून कौतुक केलं होतं. शुक्रवारी मुंबईतल्या एका मोठ्या महोत्सवात त्यांना वाजवायचं होतं.

मीही कौतुकच केलं होतं, पाऊण लेखभर. पहिल्या बाजूविषयी मी जे लिहिलं ते मला आजही मान्य आहे. पण दुसऱ्या बाजूविषयी एक परिच्छेद होता. तार ओढून सूर वर चढवताना तो जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही, कधी अलीकडे राहतो, कधी पलीकडे जातो, आणि शेवटच्या रचनेत तर कानाला टोचतो, असं मी लिहिलं होतं. एवढंच. मथळा डेस्कवरच्या कोणीतरी दिला: ‘एक बाजू सुरेल, एक बाजू बेसूर’.

“मथळा माझा नाही,” मी शकुंतलाबाईंना म्हटलं.

“मथळ्याचं नाही काही. उद्या ते तुमच्याकडे येतील. ते एकच विचारतील, तुमची मशीन बरी होती का म्हणून. तुम्ही सांगा, नव्हती. बस.”

“पण ती बरी आहे.”

“एक दिवस बरी नव्हती म्हणा. कोणाचं काय जाते त्यात?”

“तुम्हाला पेपरात खुलासा हवा आहे का?”

“आला तर चांगलंच आहे. पण त्यांना तोंडावर सांगाल ते जास्त महत्त्वाचं आहे, जी. कालपासून ते जेवले नाहीत. गिटारला हात नाही लावला. शुक्रवारी कसे जातील?”

मला थोडा राग आला. कलावंताच्या बायकोनं समीक्षकाला भेटून असं सांगावं, हेच मला बरोबर वाटलं नाही. मी म्हटलं, “मी कॅसेट तीनदा ऐकलीय, बाई. उगाच नाही लिहिलं.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

 त्यांनी पेपराला आणखी एक घडी घातली, तो पिशवीत टाकला. “मला शाळेत जायचं आहे. अर्धी रजा घेऊन आली होती. मी आली होती हे मात्र त्यांना सांगू नका.”

वर गेले तर आमचे पुरवणी संपादक बोकारे साहेब चष्मा कपाळावर चढवून वाट बघत होते. टेबलावर चार पत्रं. चारही हातोहात आणून दिलेली.

“वाच,” ते म्हणाले.

एकात लिहिलं होतं की पेटीच्या क्लासात शिकलेल्यांनी गिटारवर लिहू नये. दुसरं ऑर्केस्ट्रावाल्यांच्या संघटनेचं होतं, त्यावर बावीस सह्या. तिसरं मी दोनदा वाचलं. ‘इंदोऱ्याच्या दलित वस्तीतल्या माणसाचं नाव मुंबईत गाजतं, हे घटाटेबाईंच्या कानाला टोचलं, सूर नव्हे.’ खाली सही साधी, सुवाच्य.

माझे कान गरम झाले. मी तसा विचार केला नव्हता. पण आपण काय विचार करतो आणि आपल्याकडून काय होतं, यात अंतर असतं एवढं मला तेव्हाही कळत होतं.

“तुझ्या कानाबद्दल माझी तक्रार नाही,” बोकारे म्हणाले. “पण तुला ब्लूज किती कळतो? खरं सांग.”

“महिनाभर ऐकते आहे.”

“महिनाभर.” त्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला. “हे बघ, गुरुवारच्या अंकात काहीतरी छापावं लागेल. एक तर तू ठामपणे उत्तर दे, किंवा खुलासा दे. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मजकूर माझ्या टेबलावर. मधलं काही नको.”

त्या संध्याकाळी घरी गेल्याबरोबर मी कॅसेट लावली. तानपुरा काढून बासच्या सुराला मिळवला आणि दुसरी बाजू पुन्हा ऐकायला बसले. ब्लूजमध्ये गांधार आपल्यासारखा कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, मधेच कुठेतरी असतो, आणि तिथेच त्याची सगळी कळ असते. हे मी वाचलं होतं आणि पहिल्या बाजूवर ऐकलंही होतं. तिथे खोब्रागडे दर वेळी त्या एकाच नेमक्या जागी जाऊन थांबत. दुसऱ्या बाजूवर ती जागा सरकत होती. एकदा वर, एकदा खाली. मला तसं ऐकू येत होतं. पण चौथ्यांदा ऐकताना वाटायला लागलं, हे मुद्दाम असेल तर? मुंबईच्या त्या साप्ताहिकानं दुसऱ्या बाजूला ‘अस्वस्थ करणारी’ म्हटलं होतं, आणि ते कौतुक होतं. माझ्या गाण्याच्या बाईंनी दहा वर्षं मला सुराचा धाक घातला होता, तो धाक मी एका परक्या संगीताला लावत होते का? पाचव्यांदा ऐकताना तर काहीच कळेना. चांगलं काय, वाईट काय, मी काय लिहिलं होतं, सगळं पुसलं गेलं.

मी कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. ‘सदर परीक्षण लिहिताना वापरलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये तांत्रिक दोष असल्याचे नंतर लक्षात आले. दुसऱ्या बाजूविषयी व्यक्त केलेले मत त्यामुळे मागे घेत आहे.’ वाचून पाहिलं. खोटं होतं, पण सुटसुटीत होतं. तो कागद पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी खोब्रागडे येतील म्हणून मी सकाळी नऊलाच कचेरीत हजर झाले. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर व्हायची. कधी जाहिरात विभागाचे लोक, कधी नाटकाचे पास वाटणारे. दुपारचा डबा मी उघडला आणि तसाच बंद केला. संध्याकाळ झाली, ते आले नाहीत. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. आज जे संपणार होतं ते आणखी एक दिवस लांबलं होतं.

ते आले बुधवारी तीन वाजता. शिफ्ट संपवून सरळ आलेले असावेत, हाताच्या रेघांत तेल होतं. उंच, किडकिडीत, सत्तेचाळीसच्या आसपासचे. एका हातात जड कापडी पिशवी. मी उठून उभी राहिले.

“बसा, बसा, ताई,” ते म्हणाले. आवाज अगदी खालचा. “थोडी शांत जागा मिळंल का? अर्धा घंटा लागंल.”

संदर्भ विभागाच्या खोलीत दुपारी कोणी नसायचं. जुन्या अंकांच्या बांधीव फायली आणि एक लांब टेबल. मी दार लावलं. ते एका खुर्चीवर बसले, मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि मला आपल्या उजवीकडे बसायला सांगितलं. पिशवीतून त्यांनी टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट काढली, आणि चार घड्या घातलेलं माझं परीक्षण. त्यात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. माझी मशीन खराब होती, मला माफ करा. त्यांनी विचारलं की लगेच म्हणायचं.

त्यांनी विचारलंच नाही.

“ही मशीन स्टुडिओतून आणली,” ते म्हणाले. “परवा पूर्ण खोलली, साफ केली. पट्टा नवीन टाकला. काल त्याच्यातच गेला दिवस. सेलही नवीन आहेत. हिच्यात खोट नाही. आता मी दुसरी बाजू लावतो. तुम्ही ऐका, आणि जिथं जिथं चुकलं वाटंल तिथं हात वर करा. बोलू नका. फक्त हात.”

“खोब्रागडेजी, ऐका, मला वाटतं माझंच—”

“आधी ऐकून घ्या.”

त्यांनी बटण दाबलं.

ड्रम सुरू झाला, बास आला, मग गिटार. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ठरवलं होतं की हात वर करायचा नाही. एकदाही नाही. ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, आज या मशीनवर सगळं ठीक वाजलं, माझीच मशीन वाईट. त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं तसं. ते सोपं होतं आणि सगळ्यांच्याच भल्याचं होतं. शुक्रवार सुखरूप जाणार होता.

मी समोरच्या फायलींवरची सालं वाचत बसले. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. पहिली सरकलेली जागा आली आणि गेली. मी हलले नाही. दुसरी आली आणि गेली. खोब्रागडे मशीनकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, हाताकडे नाही, तोंडाकडे.

खट् करून त्यांनी टेप थांबवली.

“आता,” ते म्हणाले. “हात नाही उचलला तुम्ही. पण डोळे मिटले. त्याच्या आधी एकदा खांदा हलला.”

मी हात टेबलावर ठेवले.

“ताई, मी तुमच्याशी भांडायला नाही आलो. मला फक्त खरं पाहिजे. मी परत सुरुवातीपासून लावतो.”

त्यांनी टेप मागे नेली. या वेळी मी हात वर केला. पहिल्या जागी, दुसऱ्या जागी. प्रत्येक वेळी ते टेपवरच्या आकड्याकडे बघून कागदावर एक रेघ ओढत. चेहऱ्यावर काही नाही. वर्कशॉपात एखादा भाग तपासतात तसं चाललं होतं. मधेच त्यांनी कॅसेट काढली, उलटी केली आणि न सांगता पहिल्या बाजूचा एक तुकडा लावला. मी हात वर केला नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी मान डोलावली, पुन्हा बाजू बदलली. मला कळलं की ते मलाही तपासत होते. अर्धा तास कसला, तासभर झाला असेल. माझ्या काखेत घाम आला होता. शेवटच्या रचनेत मी सहा वेळा हात वर केला, आणि शेवटच्या वेळी तो खाली घ्यायचं मला भानच राहिलं नाही.

त्यांनी रेघा मोजल्या. “सतरा,” ते म्हणाले.

“मला ब्लूज फार कळत नाही,” मी म्हटलं. “ते मुद्दाम असेल तर...”

“मुद्दाम नाही.” त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. “या सतरांतल्या एकाही ठिकाणी मला काही चुकलेलं ऐकू नाही येत.”

बाहेर कोणाचा तरी टाइपरायटर वाजत होता. तो थांबला तेव्हा खोब्रागडे पुढे बोलले. पहिली बाजू त्यांनी मार्चमध्ये वाजवली होती. जूनमध्ये एका लग्नात स्पीकरच्या अगदी जवळ उभं राहावं लागलं. कार्यक्रम संपता संपता डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, मग चक्कर आली आणि ते स्टेजवर खाली बसले. शिट्टी आठ दिवसांत गेली. पण तेव्हापासून एकच तार छेडली तरी एका कानात एक सूर आणि दुसऱ्या कानात दुसरा, थोडासा वेगळा.

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दाखवलं. ते म्हणाले, डाव्या कानानं कमी ऐकू येऊन राहिलं, गर्दीत सांभाळा. दोन सुरांचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, तेवढं चालतं. आता त्यांना काय सांगावं?” ते थोडे हसले. “तार मिळवायला काटा दाखवणारं यंत्र आहे माझ्याकडे. पण तार ओढल्यावर बोट कुठं थांबवायचं हे यंत्र नाही सांगत. ते कानानंच ठरते. कोणता कान खरा ते मला माहीत नाही.”

“मग दुसरी बाजू कशी वाजवली तुम्ही?”

 टेबलावरचा कागद त्यांनी नखानं सरळ केला.

“स्टुडिओत काचेच्या पलीकडे शकुंतला बसायची,” ते म्हणाले. “तिला सूर माझ्याआधी कळतो. शाळेत प्रार्थना तीच बसवते. मी तिला म्हटलं होतं, मला माझा भरवसा नाही, तू सांग. चुकलं तर मान हलव, मी परत वाजवतो. ऑगस्टमधले तीन दिवस. एक टेक झाला की मी तिच्याकडे पाहायचो. आणि ती म्हणायची, बरोबर आहे. दर वेळी. चारही गाण्यांत, बरोबर आहे.”

माझा हात पर्सवर होता. आत तो कागद होता. मला सोमवारचा तो बाक आठवला, आणि ‘मला माहीत आहे’ म्हणताना त्यांनी घातलेली घडी. त्या मला काय सांगत होत्या ते मला आत्ता कळत होतं, आणि मी आत्ताच सतरा वेळा हात वर करून काय केलं होतं तेही.

“त्यांना कळलं नसेल,” मी म्हटलं. “काचेपलीकडे नीट ऐकू येत नाही.”

“काचेपलीकडेच सगळ्यात नीट ऐकू येते, ताई. बासवाल्यालाही कळलं असंल. रेकॉर्डिस्टलाही. सगळे उस्ताद, उस्ताद म्हणत राहिले. रविवारी तुमचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, एक माणूस खरं बोलला. पण खात्री करून घ्यायची होती. तुमची मशीनच खराब असती तर मी विनाकारण तिच्यावर संशय घेतला असता.”

“आता मुंबईचं काय?”

“नाही जाणार. सांगीन, मनगट भरलं. हजार लोकांसमोर मी चुकत राहीन आणि मला कळणार नाही, हे नाही होणार माझ्याच्यानं.” हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला वाटतं त्यांनी ते येतानाच ठरवलं होतं. मग ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज अडखळला. “तुम्हाला एक काम सांगू का? जमलं तर पाहा. नाही जमलं तर नाही म्हणा.”

“सांगा.”

“पेपरात लिहून टाका, तुमची मशीन खराब होती.”

पर्स मी मांडीवर घेतली.

“मला नाही लागत ते. शकुंतलाला लागते. रविवारपासून ती माझ्या तोंडाकडे नाही पाहत. तिला वाटून राहिलं, आता याला कळलं, मी खोटं बोलली. तिनं ते काहून केलं ते मला समजते. तिनं नाही म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी गिटार खाली ठेवली असती. तिला ते नको होतं. तीस वर्षं मी या गिटारसाठीच मरून राहिलो हे तिनं पाहिलं आहे ना.” त्यांनी माझं परीक्षण उचललं, पुन्हा चार घड्या घातल्या. “तिला वाटू द्या, मला मशीनचं पटलं. तिला वाटू द्या, मला काही माहीत नाही. तुमचं नाव खराब होईल, मला समजते. म्हणून म्हटलं, जमलं तर.”

साडेचार वाजून गेले होते. सहापर्यंत मजकूर द्यायचा होता. मला वाटतं मी मिनिटभरही विचार केला नाही, आणि त्याचं कारण मोठेपणा नव्हता. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. मी पर्समधून कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाचला. मग वर पाहिलं. “हे तुम्ही आधीच लिहिलं होतं?”

“हो.”

“काहून?”

शकुंतलाबाईंनी सांगू नका म्हटलं होतं. मी म्हटलं, “भीती वाटली म्हणून.”

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. मशीन पिशवीत ठेवून ते उठले, दाराशी थांबले आणि म्हणाले, “पहिल्या बाजूचं तुम्ही लिहिलं ते मी कापून ठेवलं आहे.” आणि गेले.

गुरुवारी खुलासा छापून आला. बोकारे साहेबांनी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा फक्त एवढंच विचारलं, “हे खरं आहे?” मी हो म्हटलं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, पण महिन्याभरात संगीताचा स्तंभ दुसऱ्याकडे गेला आणि मला महापालिकेच्या सभा दिल्या. मथळा देणाऱ्यांनी चहाच्या वेळी माझ्या टेपरेकॉर्डरची चौकशी करणं पुढे वर्षभर सोडलं नाही. माझ्या गाण्याच्या बाईंनी तो अंक वाचला होता. “मशीन खराब असलं तर बास आणि गिटार दोन्ही मिळून हलतात, चारू,” त्या म्हणाल्या. “एकटी गिटार कशी हलेल?”  मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

शुक्रवारी दुपारी शकुंतलाबाई परत आल्या. या वेळी बसल्या नाहीत.

“त्यांनी वाचलं,” त्या म्हणाल्या. “मला दाखवलं. म्हणाले, पाहा, मी म्हणत नव्हतो, त्यांची मशीनच खराब असंल. काल दोन वेळा जेवले.”

“आणि मुंबई?”

“मनगट भरून आलं त्यांचं. नाही जमलं जायला.” बोलताना त्यांचा चेहरा इतका सैल झाला होता की मी खाली बघितलं. महोत्सवात न जाण्यानं त्यांची केवढी सुटका झाली होती ते दिसत होतं. “तुमचे फार उपकार झाले, मॅडम. ते इथं आले होते ना? काही विचारलं त्यांनी?”

“मशीनचं विचारलं.”

“आणि तुम्ही?”

“सांगितलं, खराब होती.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि घाईनं गेल्या, शाळेची मधली सुट्टी संपत आली होती.

त्यानंतर खोब्रागडेंनी लोकांसमोर कधी एकट्यानं वाजवलं नाही. ऑर्केस्ट्रात मागे बसून नुसती साथ करायचे, तीही चार-पाच वर्षं. ‘मोतीबाग’ बाजारातून गेली. मग दहा-बारा वर्षांनी मुंबईतल्या काही तरुणांनी ती शोधून काढली, नव्यानं सीडी केली, आणि या वेळी सगळ्यात जास्त लिहून आलं ते दुसऱ्या बाजूवर. ठरलेल्या सुरांना नकार देणारं, धाडसी, काळाच्या पुढचं. एका लेखात माझ्या परीक्षणाचा आणि खुलाशाचाही उल्लेख होता, त्या काळच्या कानांना हे झेपलं नाही याचा पुरावा म्हणून. खोब्रागडेंनी तो लेख वाचला की नाही मला माहीत नाही. मी तो दोनदा वाचला.

ते २०१४ साली गेले. मला पेपरातूनच कळलं. पुढच्या उन्हाळ्यात सीताबर्डीवर एका औषधाच्या दुकानात शकुंतलाबाई भेटल्या. मी ओळखायच्या आत त्यांनीच ओळखलं. केस पांढरे झाले होते, हातात बीपीच्या गोळ्यांचा कागद. दुकानाबाहेर सावलीला दोन खुर्च्या होत्या, तिथे आम्ही बसलो. मुलाचं, सुनेचं बोलून झालं.

“घरी वाजवायचे का ते?” मी विचारलं.

“रोज संध्याकाळी. दार लावून. शेवटपर्यंत.”

“कसं वाजवायचे?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, आवाजही खाली आणला नाही. “बेसूर,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापेक्षा जास्त. मी स्वयंपाकघरात ऐकत राहायची. एका दिवशी तरी दार उघडून विचारतील, शकू, बरोबर आहे का म्हणून, असं वाटायचं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.”

“मग?”

“नाही विचारलं. एकवीस वर्षं. आधी एक तार छेडली तरी विचारायचे.” त्या माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते, पण नजर काही केल्या हलत नव्हती. “तुमचा तो खुलासा आला ना पेपरात, त्याच्यानंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही. काहून नसंल विचारलं, मॅडम?”

दुकानदारानं आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी लक्ष दिलं नाही.

“विचारायची गरज राहिली नसेल,” मी म्हटलं.

त्यांनी गोळ्यांच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “हो, तसंच असंल,” आणि गोळ्या घ्यायला उठल्या.